गालिच्यावरची ओली जागा

मेट्रनबाई निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा दरारा काही निवृत्त झाला नव्हता. दूधवाला त्यांच्या दारापुढे आला की नकळत शर्टाचं वरचं बटण लावी. जिन्यात शीळ घालत चढणारी माणसं दुसऱ्या मजल्यावर पोचली की गप्प होत आणि तिसऱ्यावर गेल्यावर उरलेलं गाणं पुरं करत. छत्तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाचे वॉर्ड बाईंनी नुसत्या नजरेवर चालवले होते. भेटीची वेळ पाचला संपते म्हणजे पाचला संपते. एकदा त्यांची स्वतःची सासू तिथे भरती होती, आणि पाच वाजून दोन मिनिटांनी त्यांनी स्वतःच्या नवऱ्याला दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं होतं. तो बिचारा रात्री घरी म्हणाला, "अगं, निदान आईला औषध तरी पाजू द्यायचंस." त्यावर बाई म्हणाल्या, "ते मी पाचच्या आत पाजलं होतं." नवरा जाऊन आता आठ वर्षं झाली, पण हा किस्सा घराण्यात अजून सांगितला जातो, आणि सांगणारा आधी बाई जवळपास नाहीत ना ते बघून घेतो.

बाईंचा एकच हळवा कोपरा होता, आणि तो दिवाणखान्यात जमिनीवर पसरलेला होता. निवृत्तीच्या दिवशी सगळ्या नर्सनी मिळून त्यांना एक गालिचा दिला होता. डाळिंबी रंगाचा, कडेने निळी वेल, आणि पाय ठेवला तर घोट्यापर्यंत बुडेल इतका मऊ. अर्थात पाय ठेवायची मुभा कुणाला नव्हती. आलेल्या पाहुण्याने भिंतीला पाठ लावून, कडेकडेने सरकत खुर्चीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं.

अशा घरात दादा राहायला आले, आणि येताना मांजर घेऊन आले.

दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. चाळीस वर्षं त्यांनी बेकरी चालवली. भट्टीपुढे उभं राहून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. पाव करपला तर तो वासाने न कळता, धूर डोळ्यांना झोंबल्यावर कळायचा. मैद्याच्या धुळीने छातीही धरली होती. बेकरी त्यांनी आपल्या जुन्या कारागिराच्या हवाली केली, पण स्वतः मात्र मागच्याच खोलीत, पोत्यांच्या शेजारी खाट टाकून राहत होते. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बोलणारं कुणी नव्हतं. एक दिवस बाई तिथे गेल्या, दादांच्या पाठीला कान लावून छाती ऐकली, एक शब्द न बोलता त्यांची सुटकेस भरली आणि म्हणाल्या, "चल."

"मालकांचं काय?" दादांनी विचारलं.

मालक म्हणजे तो बोका. पांढरा, जाडजूड, एक कान दुमडलेला. दिवसभर पिठाच्या पोत्यावर बसून, कामाला पंजा न लावता सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून बेकरीतल्या कामगारांनी त्याला मालक केलं होतं. दादा तर त्याच्याशी आदरानेच बोलत. बाईंनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी बाईंकडे पाहिलं, आणि दोघांनाही आपली बरोबरी करणारं कुणीतरी भेटल्याचं जाणवलं.

पहिल्याच दिवशी घात झाला. दारातून आत येताना दादांच्या हातातली सुटकेस निसटली. जुन्या पद्धतीचं, कोपऱ्यांना लोखंडी पत्रे मारलेलं ते धूड फरशीवर असं आदळलं की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून डोकं काढलं. मालकांची बोबडी वळली. टोपलीतून त्यांनी जी उडी घेतली ती थेट गालिच्याच्या मधोमध, आणि तिथे, डाळिंबी रंगावर, सगळ्यांच्या देखत, भीतीने त्यांचं जे व्हायचं ते झालं.

बाई आत जाऊन हिरव्या झाकणाची बाटली घेऊन आल्या. फरशी पुसायचं ते जालीम औषध त्या अजूनही रुग्णालयाला माल पुरवणाऱ्या दुकानातूनच आणत. झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. बाईंच्या लेखी स्वच्छतेला वास असेल तर तो हाच. त्यांनी गुडघ्यावर बसून ती जागा खसाखसा घासली, उठल्या आणि म्हणाल्या,

"दादा, नवीन जागा, प्रवासाचा शीण, म्हणून एकदा सोडून दिलं. परत एकदा झालं, तर या घरात एक तर ते मांजर राहील, नाहीतर मी. आणि घर माझ्या नावावर आहे."

"बरं," दादा म्हणाले.

त्या 'बरं'चा अर्थ बाईंना चांगला ठाऊक होता. मांजर गेलं की दादा जाणार. भांडणार नाहीत, रुसणार नाहीत, नुसती सुटकेस उचलतील आणि पुन्हा त्या पोत्यांच्या शेजारी जाऊन पडतील. आणि ती छाती तिथे एक हिवाळाही काढणार नाही, हे सांगायला बाईंना डॉक्टरची गरज नव्हती. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि बाईंनी आयुष्यात दिलेला शब्द मागे घेतला नव्हता. मागे कसा घेतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला दादा फिरायला गेले. बाई दिवा लावायला दिवाणखान्यात आल्या, सहज वाकून त्या जागेवर हात ठेवला, आणि चटकन मागे घेतला. जागा ओली होती. चांगली ओलीगच्च. आणि वासही तोच, नाकात काड्या घालणारा.

कपाटावर मालक बसले होते. खाली बघत होते.

"मेल्या," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक दिवससुद्धा धीर धरवला नाही?"

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी विचार केला. ओलं दिसलं तर शब्द पाळावा लागणार. शब्द पाळायचा नसेल तर ओलं दिसता कामा नये. आणि ओलं दिसायचं नसेल, तर कुणीतरी ते आधीच पुसलं पाहिजे. हा हिशेब त्यांना इतका पटला की त्या लगबगीने उठल्या, न्हाणीघरातून हिरव्या झाकणाची बाटली आणली, दोन झाकणं औषध ओतलं, घासलं, पुसलं आणि दादा परत यायच्या आत हात धुऊन चहा टाकला.

तिसऱ्या दिवशी जागा पुन्हा ओली. चौथ्या दिवशीही. बाईंनी दोनाची तीन झाकणं केली, तिनाची पाच केली. ज्या बाईने छत्तीस वर्षांत वॉर्डातली एक गादी ओली राहू दिली नाही, ती आता रोज संध्याकाळी साडेपाचला स्वतःच्या घरात चोरासारखी गुडघ्यावर बसून सारवासारव करत होती. मालक कपाटावरून सगळं बघत. तेही हल्ली गालिच्यावर पाय ठेवत नसत, पाहुण्यांसारखे भिंतीच्या कडेकडेने सरकत जात. बाईंना वाटलं, केल्या कर्माची लाज वाटत असेल.

त्यात दादांचं वागणंही त्यांना संशयास्पद वाटू लागलं होतं. सकाळी चहाच्या वेळी ते अगदी सहज विचारल्यासारखं विचारत, "काय गं बारके, घरात काही वास वगैरे येतो का?"

बाईंना जगात 'बारके' म्हणणारा हा एकच माणूस उरला होता. बाई आडव्या अंगाच्या होत्या, दारातून शिरताना जरा तिरक्या होत, पण दादांच्या लेखी त्या अजून बारकीच होत्या.

"कसला वास?" बाई बशीत बघत म्हणत.

"नाही, माझं नाक हे असं. म्हणून विचारलं."

"मला तर काही येत नाही."

"खरंच?"

"आता लिहून देऊ का?"

दादांचा चेहरा खुलायचा आणि ते दुसरा टोस्ट चहात बुडवायचे. बाईंना मात्र चहा कडू लागायचा. हा मुद्दाम आपल्याकडून वदवून घेतोय, असं त्यांना वाटायचं. एकदा तर दादांच्या खोलीत चादर बदलायला गेल्या तेव्हा सुटकेसच्या बाजूने तोच वास आला. म्हणजे मालकांनी आता तिथेही हद्द वाढवली की काय! बाईंनी खिडकी उघडली आणि मूग गिळून बाहेर आल्या.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या रविवारी जाऊबाई आल्या.

जाऊबाई म्हणजे बाईंच्या धाकट्या दिराची बायको. त्या कुणाकडेही गेल्या की आधी नाकाने पाहुणचार घ्यायच्या. दारातच थबकल्या, पर्समधून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

"अगंबाई! मांजर पाळलंय वाटतं?"

"दादाचं आहे," बाई म्हणाल्या.

"कळलं हो, जिन्यातच कळलं. डोळे चुरचुरताहेत माझे." जाऊबाई भिंतीच्या कडेने सरकत खुर्चीत बसल्या आणि गालिच्याकडे बोट दाखवलं. "तिथेच ना? बघा, केवढा पांढुरका चट्टा पडलाय. रोज करतं की काय? आणि वहिनी, तुम्ही खपवून घेता? तुम्ही?"

त्या दुसऱ्या 'तुम्ही'ने घात केला. छत्तीस वर्षांचा दरारा बाईंच्या मानेत ताठ उभा राहिला.

"खपवून कोण घेतंय?" त्या म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. परत झालं तर मांजर तरी राहील नाहीतर मी."

"मग आता?" जाऊबाईंनी रुमालाआडून विचारलं.

दादा हळूच उठले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बारकी शब्दाची पक्की आहे. मी शनिवारी निघतो. माझी खाट आहे अजून तिथे." आणि आत गेले. सुटकेसचे खटके उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ खोकल्याची एक लांबलचक उबळ आली.

बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. जाऊन म्हणायचं होतं एवढंच, की राहू दे रे, गेला खड्ड्यात तो गालिचा. पण ते वाक्य घशाशी आलं की तिथेच अडकायचं. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी उगाच कांदा घेऊन चिरला.

सोमवारी सकाळी त्यांनी गालिचे धुणाऱ्याला फोन लावला.

"तातडीची केस आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारच्या आत उतार पडला पाहिजे."

गालिचेवाला दुपारी आला. उंच, किडकिडीत, सुतकी चेहऱ्याचा माणूस. हातात डॉक्टरांसारखी काळी पेटी. दारात चपला काढल्या, बाईंकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "मेट्रन ना तुम्ही? माझी आई होती तुमच्या वॉर्डात. मला पाच वाजता बाहेर काढलं होतं तुम्ही."

"मग? पाच वाजले असतील," बाई म्हणाल्या.

"वाजले होते." त्याने मान हलवली. "पंखा बंद करा. मला चहा आत्ता नको, चहाने नाक भरतं. पेशंट कुठे आहे?"

बाईंना एकदम बरं वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी शिस्तीचं माणूस घरात आलं होतं. त्या आपोआप गालिच्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, हात मागे बांधले आणि तपशील देऊ लागल्या. "त्रास साडेतीन आठवड्यांपासून. जागा एकच. रोज होतं. दुपारनंतर जास्त असावं, कारण संध्याकाळी ओलं सापडतं."

"सापडतं?" दादा दारातून म्हणाले. "तुला सापडतं?"

"तू मध्ये बोलू नकोस. तपासणी चालू आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या.

गालिचेवाल्याने पडदे ओढून घेतले. पेटीतून जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा काढला आणि गुडघ्यावर बसला. "प्राण्याचं मूत्र या उजेडात चमकतं," तो म्हणाला. "वर्षभर जुनं असलं तरी चमकतं. यात खोटं बोलता येत नाही."

दिवा गालिच्यावरून हळूहळू फिरू लागला. निळी वेल काळी दिसली, डाळिंबी रंग जांभळा झाला. बाई श्वास रोखून बघत होत्या. त्यांची खात्री होती की आता अख्खा गालिचा दिवाळी असल्यासारखा उजळणार. पण मधोमध फक्त एक ठिपका चमकला. बशीएवढा, पिवळट. आजूबाजूला काही नाही.

गालिचेवाल्याने दिवा चारदा फिरवला. मग नाक गालिच्याला टेकवलं आणि इतका वेळ तसाच राहिला की दादांना वाटलं त्याला चक्कर आली. शेवटी तो उठला, कोपरा धरून गालिचा परतवला, आणि खालचं जाड अस्तर मुठीत पिळलं. त्यातून पाणी गळलं.

"मांजर फक्त एकदा मुतलंय," तो म्हणाला.

"काय?" बाई आणि दादा एकदमच म्हणाले.

"एकदा. महिना होत आला असेल. त्यानंतर त्याने इथे पायसुद्धा ठेवलेला दिसत नाही, केस नाही एकही. हा वास मांजराचा नाहीच." त्याने ओला हात बाईंच्या नाकापुढे धरला. "हा फरशी पुसायच्या औषधाचा आहे. अमोनियाचा. कच्च्या नाकाला दोन्ही सारखेच वाटतात. वर्षानुवर्षं या औषधात वावरलेल्या नाकाला तर काहीच कळत नाही. हे खालचं अस्तर म्हणजे स्पंज. ओतलं की आठवडाभर वाळत नाही, आणि तुम्ही तर वाळूच दिलेलं नाही. कोण ओततंय हे रोज?"

मालक कपाटावर बसून पंजा चाटत होते, वकील चांगला मिळालेल्या आरोपीसारखे निवांत.

बाईंनी आयुष्यात पुष्कळ जणांकडून पुष्कळ गोष्टी कबूल करवून घेतल्या होत्या. स्वतः कबूल करायची ही पहिलीच वेळ. त्यांनी घसा साफ केला. "संध्याकाळी," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "साडेपाच वाजता. पाच झाकणं. मी."

गालिचेवाल्याने अस्तर पुन्हा पिळून पाहिलं आणि मान हलवली. "नाही बसत. हा डोस एका वेळेचा नाही, ताई. एवढं पाणी मुरायला दोन वेळा तरी लागतात."

दादा आत गेले. सुटकेसचे खटके वाजले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या झाकणाची बाटली होती, निम्म्याहून जास्त रिकामी.

"सकाळचं माझं," ते म्हणाले. "सहाला. ती आंघोळीला जाते तेव्हा."

बाई बाटलीकडे बघत राहिल्या. "ही कुठून आणलीस?"

"तू आणतेस त्याच दुकानातून, दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, तुझ्या पसंतीचं औषध असलेलं बरं, वेगळा वास आला तर तुला संशय येईल." दादा खुर्चीच्या कडेवर टेकले. "आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावून पाहिला तर जागा ओली. म्हटलं, मालकांनी केला घोटाळा, आणि आता बारकी काही ऐकायची नाही. मग रोजच बघायला लागलो. रोज ओलं."

"अरे, ते आदल्या संध्याकाळी मी धुतलेलं होतं!"

"ते मला कसं कळणार? मला वास येतो का?"

"आणि मला संध्याकाळी सापडायचं ते तू सकाळी ओतलेलं." बाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी त्याच्यावर आणखी ओतायची."

"त्याच्यावर सकाळी मी," दादा म्हणाले.

"दिवसातून दोनदा, उपाशीपोटी," गालिचेवाला सुतकी चेहऱ्याने म्हणाला. त्याने तीन आठवड्यांचा हिशेब मनात केला असावा, कारण त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. "त्या एका वेळेनंतर या घरात गालिच्यावर काही केलं नाही असा एकच जण आहे, आणि तो कपाटावर बसलाय."

दादांना हसू आवरेना. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग हसण्यातून खोकला निघाला आणि खोकल्यातून पुन्हा हसू. पण बाई हसल्या नाहीत. दादांच्या एकदम काहीतरी लक्षात आलं आणि ते थांबले.

"पण बारके," ते म्हणाले, "माझं समजू शकतो. मला मालकांना वाचवायचं होतं. तू कशाला पुसत होतीस? तूच म्हणाली होतीस ना, की परत झालं तर..."

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर पुसत होते."

गालिचेवाल्याला पेटीतलं काहीतरी एकदम शोधावंसं वाटलं, आणि तो पाठ वळवून बराच वेळ शोधत राहिला.

मग कामाचं बोलणं झालं. अस्तर फेकून द्यावं लागणार होतं. गालिचा तो आपल्या कारखान्यात नेऊन धुणार होता, आणि नवं अस्तर घालून शनिवारी आणून देणार होता. चट्ट्याचा रंग पुरता परत येईल की नाही याची त्याने हमी दिली नाही. निघताना त्याने दोन्ही हिरव्या झाकणांच्या बाटल्या स्वतःच्या पेटीत टाकल्या. बाईंच्या घरातून त्यांच्या परवानगीशिवाय वस्तू नेणारा तो पहिलाच माणूस. बदल्यात त्याने टेबलावर एक पारदर्शक बाटली ठेवली.

"पुढेमागे लागलं तर," तो म्हणाला. "यात एन्झाइम असतं, ते डाग मुळातून खाऊन टाकतं. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. टिपायचं, घासायचं नाही. मग हे शिंपडायचं, वर ओलं फडकं झाकायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. तुम्हा दोघांपैकी कुणीही."

"लागणार नाही," बाई म्हणाल्या.

गालिचेवाल्याने कपाटाकडे पाहिलं. "ठेवा तरी," तो म्हणाला.

मधले चार दिवस अवघड गेले. दिवाणखान्यात उघडी फरशी होती आणि साडेपाच वाजले की बाईंना काय करावं ते सुचत नसे. दादांचंही सकाळी सहाला तेच व्हायचं. सुटकेसबद्दल कुणीच बोललं नाही. ती भरलेली की रिकामी, हेही बाईंना कळेना, आणि विचारायचं म्हणजे उत्तर ऐकावं लागणार. दादा आपणहून काही म्हणाले नाहीत, कारण जा म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं आणि राहा असं कुणी म्हटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी गालिचा आला. पसरल्यावर बाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. डाळिंबी रंग उजळला होता. मधोमध बशीएवढी जागा जराशी फिकी राहिली होती, ठाऊक असलेल्यालाच दिसेल इतकी. वास कसलाच नव्हता, आणि बाईंना पहिल्यांदाच कळलं की स्वच्छतेला वास नसतोसुद्धा.

गालिचेवाला गेला. दादा बाहेर जायचे कपडे घालून दारात उभे होते. हातात सुटकेस.

"ती काय घेऊन उभा आहेस?" बाई म्हणाल्या.

"आज शनिवार ना."

"मग?" बाईंचा आवाज वॉर्डातला झाला. घशात अडकलेलं वाक्य याही वेळी बाहेर येईना, म्हणून त्यांनी दुसरं काढलं. "केव्हाची बघतेय, वाटेत येते ती सारखी. खोलीत ठेवली की झाडता येत नाही. माळ्यावर टाकून दे. अगदी आत, भिंतीपाशी. सहजासहजी काढता येणार नाही अशी."

दादांनी बाईंकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. या 'बरं'चा अर्थही बाईंना बरोबर कळला.

दादांच्या गुडघ्यांना स्टूल झेपणारं नव्हतं, म्हणून स्टुलावर बाई चढल्या. दादांनी खालून सुटकेस वर दिली. बाईंनी ती माळ्याच्या कडेवर टेकवली, दोन्ही हातांनी रेटली, आणि नेमका लोखंडी पत्र्याचा कोपरा अडला. सुटकेस कलली. दादा म्हणाले, "बारके, सांभाळ!" बाई म्हणाल्या, "तू बाजूला हो!" दादा बाजूला झाले, आणि सुटकेस पहिल्या दिवशीपेक्षाही मोठ्या आवाजाने खाली आली.

कपाटावरून एक पांढरा गोळा उडाला. भिंतीवरून, खुर्चीवरून, तो थेट गालिच्याच्या मधोमध आला, त्याच बशीएवढ्या जागी. मालकांची शेपटी ताठ झाली, डोळे वाटोळे झाले, आणि तिथे, धुऊन घरी येऊन एक तासही न झालेल्या डाळिंबी रंगावर, दोघा भावंडांच्या देखत, त्यांचं जे व्हायचं ते पुन्हा झालं.

स्टुलावर बाई. खाली दादा. मध्ये मालक, आणि मालकांच्या खाली पसरत जाणारं ओलं वर्तुळ. ह्या वेळी मात्र शंकेला जागा नव्हती, आणि जांभळ्या दिव्याची गरजही नव्हती.

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी खाली पडलेल्या सुटकेसची मूठ हळूच हातात धरली.

बाई स्टुलावरून उतरल्या. अगदी सावकाश. गालिच्याजवळ आल्या आणि मालकांकडे एक नजर टाकली, ज्या नजरेने छत्तीस वर्षं वॉर्ड चालले होते. मग त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला, घडी घातली, डबीत ठेवला आणि डबी खट्‌कन बंद केली.

"दादा," त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "टेबलावर ती नवी बाटली आहे ना, ती आण. आणि कोरडं फडकं. इथे काहीतरी सांडलंय वाटतं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

दादांनी सुटकेसची मूठ सोडली. फडकं आणलं, बाटली आणली, आणि गुडघे धरत बाईंच्या शेजारी खाली बसले.

"घासू नकोस," बाई म्हणाल्या. "टिप."